उसना सोफा

दादा,

धाकटीच्या विद्यापीठाच्या फीसाठी आम्ही मदतीचा अर्ज केला होता. काल तिथले साहेब घरची परिस्थिती बघायला येणार होते, म्हणून मी शहाणीने शेजारणीचा सोफा, पडदे, कपबशा आणून घर सजवलं! साहेब टेकले आणि म्हणाले, "तुमचं तर छान चाललंय." माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

धाकटी मात्र पुढे झाली. "साहेब, सोफा शेजारच्या काकूंचा, पडदेही त्यांचेच. आमची म्हणाल तर एवढी आईच."

साहेब हसत सुटले आणि त्यांनी तिथल्या तिथे मंजुरीची सही केली. "पोरगी कुणावर गेलीय?"

"माझ्यावर!" मी ठणकावून सांगितलं.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस तर लगेच पैसे पाठवशील, आणि आता या घरात उसनं काही नकोय.

तुझी तोऱ्यातली,
बहीण