‘हेदरब्रुक’च्या नोंदीत एक ओळ वाढवण्याबाबत

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
युद्धकालीन इंधन-जहाज नोंद कक्ष,
पोर्ट्समथ.

विषय : ‘हेदरब्रुक’ या तेलवाहू जहाजाच्या सेवा-इतिहासात दि. ९ मार्च १९४३ समोर माझ्या वडिलांचे नाव लिहिण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. १५ डिसेंबर २०२५ चे नकाराचे पत्र (सातवे).

महोदय,

आपल्या सातही पत्रांच्या तळाशी बारीक अक्षरात छापले आहे की अर्जदाराने हवे तर स्वतःच्या भाषेत लिहावे, भाषांतर कक्ष करून घेईल. इंग्रजीत सात अर्ज करून झाले, उपयोग शून्य. म्हणून हा आठवा मराठीत. निदान भाषांतर करणारा तरी शेवटपर्यंत वाचेल.

१. माझे वडील कै. भिकाजी मयेकर, राहणार मालवण, हे ‘हेदरब्रुक’वर पंपवाले खलाशी होते. भर समुद्रात युद्धनौकांना नळीने तेल भरून द्यायचे, हे त्या जहाजाचे काम. १९४३ साली वडील अटलांटिकमध्ये बुडाले, एवढेच आईला कळवण्यात आले. कोणत्या दिवशी, ते कुणी सांगितले नाही. मी तेव्हा चार महिन्यांचा होतो.

२. तारखेवाचून तिथी नाही. तिथी ठाऊक नसलेल्यांचे श्राद्ध आमच्यात सर्वपित्री अमावास्येला, सगळ्यांच्या बरोबर घालतात. ब्याऐंशी वर्षे वडील असे गर्दीतच जेवताहेत. माझी बहीण शशीताई एडिनबराला लेकीकडे असते, वय अठ्ठ्याऐंशी. वडिलांचा चेहरा आठवणारी आता ती एकटीच. डोळे मिटण्यापूर्वी एकदा तरी त्यांच्या स्वतःच्या दिवशी पान वाढायचे, एवढाच हट्ट ती धरून बसली आहे. दर रविवारी फोनवर मला तारीख विचारते आणि मी दर रविवारी खोकतो.

३. आपण प्रत्येक वेळी जहाजाचा सेवा-इतिहास पाठवता. तो मला आता तोंडपाठ आहे. बॉयलर कधी साफ केला, कुणाला किती टन तेल दिले, सगळे आहे. ९ मार्च १९४३ समोर : ‘सकाळी ६.१०. तेल देताना नळी तुटली. चाळीस टन तेल वाया. नळी समुद्रात गेली.’ पुढे १४ मार्चला, बंदरात : ‘नवी नळी घेतली. नवा पंपवाला घेतला.’ जुना पंपवाला कुठे गेला हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, साहेब.

४. यावर आपले उत्तर असे की सेवा-इतिहास जहाजाचा असतो. नळी जहाजाचा भाग आहे, खलाशी नाही. खलाशांसाठी आपण दुसऱ्या कक्षाकडे बोट दाखवता. तो कक्ष म्हणतो, जहाज नौदलाच्या कामावर होते, पोर्ट्समथला विचारा. या टोलवाटोलवीत चार वर्षे गेली. फोनवरच्या बाईंनी पुरावा म्हणून मृत्यूचा दाखला मागितला. दाखल्याला तारीख लागते आणि तारीख तर मी आपल्याकडे मागतो आहे. चौतीस वर्षे मी एनएचएसच्या सरकारी रुग्णालयांत भूल देण्याचे काम केले. बेशुद्ध माणसाचीही नोंद दर पाच मिनिटांनी ठेवली. त्यामुळे मला याचा संताप येतो, आणि तो सौम्य शब्दांत मांडण्याचे माझे वय उलटून गेले.

५. मला भरपाई नको, पदक नको. त्या तारखेसमोर ‘पंपवाला भिकाजी मयेकर बुडाले’ एवढे लिहावे.

शशीताईला थांबायला वेळ नाही. म्हणून मी जुने पंचांग काढून त्या दिवसाची तिथी पाहिली : फाल्गुन शुद्ध तृतीया. येत्या फाल्गुनात त्या तिथीला हॅरोच्या माझ्या घरी आम्ही वडिलांचे श्राद्ध घालणार आहोत. आपल्या नोंदीत नळीला दिवस आहे, तोच आम्ही त्यांना देतो. चूक असेल तर खरा दिवस आपण लेखी कळवावा.

आठव्या उत्तराची वाट पाहणारा, आपला नम्र,
डॉ. श्रीनिवास भिकाजी मयेकर
हॅरो, दि. १२ जानेवारी २०२६

सोबत :
१) सेवा-इतिहासाची प्रत, दोन ओळींखाली पेन्सिलीची रेघ मारून.
२) वडिलांचा फोटो. पाहून परत पाठवावा, एवढा एकच आहे.