दोन पानं हातात, पाच मधात

२३ नोव्हें.
॥ श्री ॥
आज मृणूला पाहायला आले. मुलगा तन्मय, सोबत आईवडील. पोहे चांगले झाले. मुलगा नवा रायपूरला ऑफिसात आहे. आल्याबरोबर वाकून नमस्कार केला. मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत. सगळं सुरळीत चाललं होतं. यांनी सहज विचारलं, सुट्टीच्या दिवशी काय करता?
"अंकल, फोन पे पोकर खेलता हूँ."
त्याच्या आईनं चमचा बशीत ठेवला. 
ते गेल्यावर हे म्हणाले, "पत्तेवाला आहे. उद्या नाही म्हणून कळवून दे."
मृणू म्हणाली, "बाबा, त्यानं लपवलं असतं तर चाललं असतं का?"
डोळ्यासमोर माझा दादा. अभनपूरचं कापडाचं दुकान पत्त्यांत गेलं. वहिनी माहेरी गेली ती गेलीच. पोरीच्या नशिबी तसं काही…

२४ नोव्हें.
यांना म्हटलं, थोडे दिवस थांबा. "काहून?" म्हटलं, न पाहता वांगं घेत नाही मी, न पाहता नाही कशी म्हणू?
मृणूनं माझ्या फोनवर तोच खेळ टाकून दिला. पैशाचा नाही, तो तर आता कायद्यानंच बंद. पैशांऐवजी फुकटच्या चिप्स. तरी तिला पुन्हा पुन्हा विचारलं, बँकेचं काही जोडलं नाहीस ना? "नाही गं माय!" देवघराकडे पाठ नको म्हणून स्वयंपाकघरात बसले.
दोन पानं आपल्या हातात, कोणाला दिसत नाहीत. पाच मधात, टेबलावर उघडी, ती सगळ्यांची. सातांतून चांगली पाच घ्यायची. एवढं कळलं. दिवाळीत तीन पत्ती खेळलेलं कामी येईल वाटलं. कशाचं काय! मला पाच-सहा-सात-आठ-नऊ असा सिक्वेन्स लागला. समोरच्या कोणा 'टायगर'नं बदामाचा कलर, पाचही पानं बदामाची, दाखवला आणि सगळं घेऊन गेला. म्हणे इथे कलर मोठा, तीन पत्तीत तर सिक्वेन्स मोठा. हे कोणी ठरवलं?

२६ नोव्हें.
होत्या नव्हत्या तेवढ्या चिप्स गेल्या. मृणू मागे उभी राहून पाहून राहिली होती.
"आई, दुरी-सत्ती घेऊन शेवटपर्यंत काहून जाते तू?"
म्हटलं, अगं सुरुवातीला लावल्या ना चिप्स, त्या सोडून कशा द्यायच्या? वाया नाही जाणार?
ती खाली बसून हसायला लागली. "शिळ्या पोळीचा कुस्करा नाही हा! टाकून दे. फोल्ड म्हणजे टाकणं. चांगले खेळणारे बहुतेक डाव टाकूनच देतात."
खरंच की काय? मले वाटलं होतं, लावत जाणं म्हणजेच खेळ.

२७ नोव्हें. गुरुवार
महालक्ष्मीची पूजा, उपास. खेळ नाही. कहाणी वाचता वाचता मधेच मनात आलं, हातात राजा असेल पण जोडीचं पान फालतू, तर टाकायचं की ठेवायचं. देवी, क्षमा कर. ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

२९ नोव्हें.
टाकायला शिकून राहिली आहे. बसायचं, पाहायचं, नाही जमलं की सोडायचं. पुन्हा बसायचं. मेथी निवडण्यासारखं आहे, निम्मा वेळ काहीच होत नाही. टायगर आज दोनदा बुडाला. त्याला टाकता येत नाही.
दादालाही येत नव्हतं. एक डाव सोडायचा नाही. "आता येते पान" म्हणायचा.
म्हणजे खेळणारा प्रत्येक जण दादा नसतो? छातीवरचं थोडं उतरल्यासारखं झालं. यांना बोलले.
"तू त्याची वकिलीण झाली का?"

१ डिसें. एकादशी
खेळ बंद. पण एक गोष्ट घशाखाली उतरत नाही. ब्लफ. हातात काही नाही, तरी असल्यासारखं वाढवत जायचं, समोरचा घाबरून पानं टाकतो. मृणू म्हणते, तो खेळाचाच भाग आहे. असेल. मला मात्र ते खोटंच वाटते. जो रोज हे करतो, तो उद्या बायकोशीही… मग डाव टाकता येऊन तरी काय उपयोग?
त्यालाच विचारावं. यांना म्हटलं, रविवारी बोलावते, मला खेळ शिकवायला. हो म्हणाले नाहीत. पण मना केलं नाही.

७ डिसें. रविवार
तन्मय आला. एकटाच. हे पेपर तोंडासमोर धरून खुर्चीत. मृणू दाराशी.
मी खेळत होते, तो सांगत होता. माझ्याकडे राणी आणि तिरी.
"आंटी, ये फेंक दो."
"राणी आहे ना रे!"
"रानी अकेली है, आंटी."
टाकली. बरं झालं टाकली.
मग विचारलंच. बाळा, पानं नसताना असल्यासारखं दाखवायचं, हे खोटं नाही का?
"है तो. पर मेरे से सामने बैठ के होता ही नहीं. कान लाल हो जाते हैं. दोस्त लोग कान देखके ही हरा देते हैं. इसीलिए फोन पे खेलता हूँ."
मृणू फसकन हसली. मी उठले, चहा ठेवला. साखर घातली नाही. मुद्दाम. यांना दिला, मग कप त्याच्या हातात दिला, विचारलं, गोड बरोबर झाला ना?
"एकदम सही, आंटी."
कान असे लाल, जसे जास्वंदीचं फूल! हसू आवरेना मला. तेवढ्यात पेपरामागून यांचा आवाज, "काहून, साखर संपली का घरातली?"
हसता हसताच विचारून घेतलं, पैसे लावले होते का कधी?
"हाँ, जब चालू था. थोड़े-थोड़े. एक बार बाइक की सर्विसिंग के पैसे चले गए. पापा को बता दिया, बहुत डाँट पड़ी. उसके बाद नहीं लगाए."
कानांकडे पाहत होते. लाली उतरली होती, पुन्हा चढली नाही.
साखरेचा डबा आणून समोर ठेवला. सगळ्यांनी घातली. तो गेल्यावर देवापुढे हात जोडले, आजचं खोटं माझं होतं. पण गेल्या कित्येक दिवसांत आज जेवण गोड लागलं.

८ डिसें.
हे आज जेवताना एकदम, "साधं 'साखर नाही' म्हणता आलं नाही बिचाऱ्याला."
बिचारा म्हणाले! मी वरण वाढत राहिले.
"पोरीले काय वाटते?"
तिलाच विचारा म्हटलं.

१० डिसें.
त्यांच्या घरी फोन केला, आमच्याकडून हरकत नाही. त्याची आई फोनवर रडली. तिलाही केव्हाची धाकधूक होती.
मृणू मात्र गंभीर. "तुमचा नकार गेला, ते बरं झालं. माझा होकार अजून कुठे आला?" म्हटलं, अगं मग इतके दिवस त्याच्या बाजूनं भांडत होतीस ती? "तुम्ही त्याले गुन्हेगार करून राहिले होते म्हणून. लग्न वेगळं. मी बोलते त्याच्याशी."
दोघं तेलीबांध्याला तलावावर गेलेत. दिवे लागले, अजून आले नाहीत. जेवायला इकडेच येतील की ती एकटीच परतेल, काही कळवलं नाही. फोन करायला हात जात होता, यांनी अडवलं.
चौघांचा तांदूळ धुतला आहे. उरला तर उद्या फोडणीचा भात.