रानहळदीचं मूळ

बाई, गेल्या आठवड्यात मी पुन्हा कासच्या पठारावर जाऊन आले. गुडघे कुरकुरत होते, नातीनं हात घट्ट धरला होता, पण गाडीतून उतरल्यावर तेरड्याचा तो गुलाबी पसारा दिसला आणि मी तिचा हात सोडून चक्क पुढं पळाले. ती मागून ओरडतेय, आजी पडशील, आणि मी आपली वाकून सीतेची आसवं शोधतेय. सापडली! तीच जांभळी, नखाएवढी, ओल्या कातळाला धरून उभी. आता तिथं माणसांची झुंबड असते, आणि फूल तोडलं तर दंड होतो. तुम्ही असतात तर आधी चिडल्या असतात आणि मग म्हणाल्या असतात की बरं झालं. घरी आल्यापासून तुमच्याशी मनातल्या मनात एवढं बोलतेय की शेवटी कागद घेतला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हाला काही सांगायचं म्हटलं की मी अजून पदर सारखा करते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, तुम्ही आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायचात. सहलीची परवानगी मागायला तुम्ही स्वतः आमच्या दुकानात आल्या होतात, सांगलीच्या पेठेत. वडिलांचा हळदीचा व्यापार. तुम्ही पोत्यावर बसलात आणि उठलात तेव्हा तुमच्या पांढऱ्या साडीचा काठ पिवळा झाला होता. आईला काळजी वेगळीच. आमचं जैनांचं घर. एक तर चातुर्मास, त्यात हिरव्या गवतावर पाय पडणार. आणि डोंगरावर माणूस देवाला जातो, फुलं बघायला कोण जातं? तुम्ही शांतपणे म्हणालात, मी जाते, दरवर्षी. वडील हसले आणि म्हणाले, पर्युषण पर्व संपलं की न्या. त्या रात्री मला झोप म्हणून लागली नाही.

साताऱ्याहून बामणोलीकडे जाणाऱ्या एसटीतून आम्ही अकराजणी पठारावर उतरलो तेव्हा धुक्यात काहीच दिसत नव्हतं. सगळ्यांची तोंडं पडली. तुम्ही म्हणालात, थांबा. आणि मग कुणी चादर ओढून घ्यावी तसं धुकं सरकलं. बाई, मी त्याआधी उसाचा हिरवा रंग पाहिला होता, हळदीचा पिवळा पाहिला होता. पण जमिनीवर इतके रंग एकदम सांडलेले मी पाहिले नव्हते. पांढरे गेंद, पिवळी सोनकी, मध्येच कवल्याचे ठिपके. आणि तुम्ही! वर्गात तोलून मापून बोलणाऱ्या तुम्ही पालथ्या पडून भिंग डोळ्याला लावता आहात आणि तुमच्या तोंडातून तुमच्या गावची बोली बाहेर पडते आहे: "आगं, हितं या गं, पाय जपून टाका. ह्ये एवढंसं पोरगं किडं खातंय, बघा तरी." आम्ही हसून हसून लोळायच्या बाकी होतो.

झाडीच्या कडेला एक रोप मी लांबूनच ओळखलं. वर गुलाबी तुरा, खाली पिवळी फुलं, आणि पान आमच्या शेतातल्या हळदीच्या पानाचं सख्खं भावंड. रानहळद, मी म्हणाले, तुम्ही सांगायच्या आधी. तुम्ही मान डोलावलीत, आणि माझा फुगलेला चेहरा बघून लगेच टोला दिलात, अर्ध्या हळकुंडानं पिवळी होऊ नकोस. मग खुरपी वाटलीत. प्रत्येकीनं एक रोप मुळासकट काढायचं, दाबून वाळवायचं, वहीत चिकटवायचं. माझा हात खुरप्यावरच राहिला. तुम्ही जवळ आलात तेव्हा मी खाली मान घालून म्हणाले, "बाई, आमच्यात कंद उपटत नाहीत." वडील हळदीचे व्यापारी ना गं, एवढंच विचारलंत. मी म्हणाले, व्यापार करतो, पण वाळलेल्या हळदीचा. तुम्ही पुढं ताणलं नाहीत. फक्त सांगितलंत की मुळाशिवाय नमुना अपुरा, परीक्षक धरणार नाहीत, काय करायचं ते तू बघ.

मी काय बघितलं ते तुम्हाला माहीत आहे. दुकानातलं एक हळकुंड उचललं, ब्लेडनं उभं चिरलं, मैत्रिणीकडून मागून घेतलेल्या वाळलेल्या देठाखाली डिंकानं चिकटवलं आणि वरून माती चोळली. मला ते इतकं झकास वाटलं होतं! तुम्ही प्रयोगशाळेत वही उघडलीत, पान नाकाजवळ नेलंत, नखानं थोडं खरवडलंत. कच्चा कंद वाळतो तेव्हा सुरकुततो. हे बाजारचं, शिजवून वाळवलेलं, आतून काचेसारखं कडक आणि चकचकीत. सगळ्या वर्गासमोर तुम्ही अगदी हळू विचारलंत, "डोंगरावर ही कुणी शिजवली गं?" हशा पिकला. मी मात्र मेल्याहून मेल्यासारखी झाले. तास संपल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलंत आणि जे बोललात ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. नसलं तर नाही म्हणून लिही. जे पाहिलं नाहीस ते पाहिलं म्हणून चिकटवू नकोस, मग ते फूल असो नाहीतर माणूस. पान तुम्ही फाडून टाकलंत. नापास होण्याची भीती मला नव्हती. तुम्ही आता मला परत कधी पठारावर नेणार नाही, या विचारानं मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले.

आणि पुढच्याच शनिवारी तुम्ही दुकानाच्या दारात! रविवारी मुलीला घेऊन जाते म्हणालात, काम अर्धं राहिलंय. वडिलांना वाटलं मी हुशार म्हणून. साताऱ्याला तुमच्या भावाकडे मुक्काम केला. ते फौजेतून रजेवर आले होते. सकाळी निघताना त्यांनी छत्री दिली आणि म्हणाले, फुलं बघाय पावसात कवा कोण जातंय व्हय, आणि स्वतःच हसले. पठारावर तुम्ही त्याच रानहळदीपाशी मला बसवलंत. उपटायचं नाही म्हणालात. बोटानं माती सार, बघ, काढ, आणि होती तशी झाकून टाक. पाऊस भुरभुरत होता. मी बोटानं माती सारली आणि तो कंद दिसला, बाजूला धाग्यांना लटकलेल्या छोट्या गाठी. जिवंत, ओला, जागेवर. दीड तास मी चित्र काढत होते आणि दीड तास तुम्ही माझ्या कागदावर छत्री धरून उभ्या होतात. तुमचा खांदा पार भिजला. शेवटी मी माती सारखी केली आणि वर गवत पसरलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुझ्या धर्मामुळं मला आज नवीन पद्धत मिळाली. परीक्षकाशी मी बोलते." ते चित्र स्वीकारलं गेलं. त्या चित्रामुळंच मी पुढं शिकले, शिकवलं, तीस वर्षं मुलींना बोटानं माती सारायला लावली. तुमचं नाव दरवेळी सांगितलं.

पण बाई, एक खोटं तुम्ही पकडलंत, दुसरं नाही. आमच्यात कंद उपटत नाहीत हे खरं होतं, फक्त माझं कारण ते नव्हतं. ते रोप एवढं खुशीत उभं होतं की मला ते उपटवेना. जीव होईना, एवढं साधं. पण तुम्ही प्रेमानं वीस-वीस रोपं उपटणाऱ्या. तुमच्यासमोर असं म्हटलं तर तुम्ही म्हणाल, मग हा विषय तुझा नाही, अशी भीती वाटली. धर्म पुढं केला की कुणी काही बोलत नाही, हे मला त्या वयातही कळत होतं. ते नंतर सांगायचं कितीदा ठरवलं. तुम्ही आजारी असताना भेटायला आले तेव्हाही ओठांवर आलं होतं, आणि मी तेरड्याविषयी बोलत बसले.

आता हे पत्र कुठं टाकणार? वहीतच राहील. तरी सांगते. त्या रविवारी परतताना साताऱ्याच्या एसटी स्टँडवर तुम्हाला भूक लागली होती. तुम्ही मला केळी घेऊन दिलीत, स्वतःला बटाटावडा घेतलात, आणि माझ्यासमोर बटाटा खाणं बरं नाही म्हणून गर्दीत पाठमोऱ्या होऊन खाल्लात. आदल्या आठवड्यात सांगलीत, विश्रामबागेत मैत्रिणींबरोबर मी तसले दोन वडे खाल्ले होते, बाई. आणि त्या दिवशी तुमच्या ओल्या पाठीकडे बघत मी गप्प केळी सोलत राहिले.