इंजिनला विश्रांती

सोमवार, ३ मार्च. पहाटे ५.२०

खर्र… खर्र… खर्र… धडाड. जाग आली ती या आवाजाने. आवाज साठ वर्षांपूर्वीचा. मामाचा ट्रक. मामा पुढे वाकून हँडल मारायचा आणि मी आत, पाय जमिनीला न टेकणारा, स्टिअरिंगशेजारी राजासारखा. चढण लागली की मामा थोड्या थोड्या अंतराने ट्रक थांबवायचा, चाकाखाली दगड लावायचा, बॉनेट उघडायचा. म्हणायचा, दम लागलाय तिला, बसू दे जरा. मग आम्ही तिघं सावलीत. मामा, मी आणि इंजिन. त्या ट्रकला फिल्टर वगैरे भानगड नव्हती. धूर मोकळेपणाने बाहेर यायचा. मनात काही ठेवायची पद्धतच नव्हती.

आजपासून सुनेच्या लाँड्रीची पिकअप मी चालवणार. ड्रायव्हर काल सोडून गेला. सून म्हणाली, दुसरा मिळेपर्यंत काहीतरी बघू. मी म्हणालो, दुसरा कशाला? लायसन्स आहे, डोळे आहेत, वेळ तर पोत्याने आहे. सून गप्प राहिली. गप्प म्हणजे होकार.

काम सोपं. धुतलेल्या चादरी आणि ऑपरेशनचे गाऊन हॉस्पिटलात पोचवायचे, मळके घेऊन यायचं. अंतर अडीच किलोमीटर. दिवसातून चार खेपा. संकल्प: उशीर करायचा नाही, इंजिनला त्रास द्यायचा नाही, आणि रोज एक कविता म्हणायची.

त्याच दिवशी, रात्री ८

उत्तम दिवस. फक्त दुसऱ्या खेपेला डॅशबोर्डवर एक नारिंगी दिवा लागला. पेटीत ठिपके भरल्यासारखं चित्र. मी तत्काळ बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. पंधरा मिनिटं विश्रांती दिली. पुन्हा चालू केली तर थोडा वेळ दिवा नव्हता. नवी असो की जुनी, गाडीला काय हवं ते कळायला मन लागतं.

बुधवार, ५ मार्च

दिवा सकाळी. दिवा दुपारी. दिवा पुन्हा दुपारी. शिवाय उभ्या उभ्या इंजिनचा आवाज चढतो आणि काहीतरी जळल्याचा वास येतो. बिचारीला ताप आहे. प्रत्येक वेळी लगेच बंद केली. किल्ली काढल्यावरही पंखा फिरत राहतो, धाप लागलेल्या माणसासारखा. तिला दोन ओळी म्हणून दाखवल्या. माझ्याच:

दमलीस का गे, धावून धावून,
घे सावलीचा क्षणभर तरी विसावा.

दुसऱ्या ओळीत मात्रा जास्त झाल्या, पण मागून हॉर्न वाजत होता.

हॉस्पिटलात पस्तीस मिनिटं उशीर. चादरींच्या खोलीतल्या सिस्टर कडक आहेत. म्हणाल्या, आजोबा, महिन्यात तीनदा उशीर झाला की काम दुसऱ्या लाँड्रीला जातं, हा एक झाला. मी हसून सोडून दिलं. घरी सुनेला सांगितलं तर ती हसली नाही. लाँड्रीचं अर्ध्याहून जास्त काम त्या हॉस्पिटलचं आहे म्हणे. इस्त्रीला सहा बायका आहेत, त्यांचं पोट त्याच्यावर आहे म्हणे. मी म्हणालो, मी आहे ना. सून पुन्हा गप्प. होकार देण्याची तिची पद्धतच आहे.

शुक्रवार, ७ मार्च

सुनेने गाडीचं माहितीपुस्तक हातात ठेवलं, खूण घालून. म्हणाली, बाबा, एवढं एक पान वाचा. वाचलं. लिहिलंय की हा दिवा लागल्यावर इंजिन बंद करू नये, वीसेक मिनिटं वेगात चालवत राहावं. भाषा अत्यंत रूक्ष. एक उपमा नाही. ज्या लेखकाला दमलेल्या जिवाची दया नाही त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा?

उरलेलं पुस्तक सवडीने वाचेन.

सोमवार, १० मार्च

दिवा आता लुकलुकतो. सून गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेली, मी सोबत. तीनचाकी भाड्याने घेऊन चादरी वेळेवर गेल्या.

मिस्त्री शांत माणूस. म्हणाला, काका, सायलेन्सरच्या वाटेवर एक जाळी असते, धुरातली काजळी तिच्यात अडकते. जाळी भरली की गाडी जास्तीचं डिझेल टाकून ती काजळी स्वतःच जाळते. त्याला उष्णता लागते आणि सलग वेळ लागतो. मग त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही चहा ठेवता, आणि उकळी यायच्या आत गॅस बंद करता. दिवसातून चार वेळा. चहा होईल का?"

मी म्हणालो, मी चहा करत नाही, घरी बायको करते.

मिस्त्रीने लॅपटॉप लावून गाडी उभ्या उभ्या तासभर तापवली आणि जाळी साफ केली. मुख्य मुद्द्यावर त्याचं-माझं एकमत आहे असं मला वाटतं: गाडीला काळजी हवी. फक्त शब्द वेगळे. निघताना त्याने सुनेला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. बहुधा माझं कौतुक. तोंडावर केलं की माणूस चढतो.

गुरुवार, १३ मार्च

संकल्प: मिस्त्रीचंही मन राखायचं. दिवा लागला की बायपासला अर्धा तास, न थांबता.

सकाळी दहाला दिवा लागला. थेट बायपास. साठचा वेग. अंगावर काटा. मिस्त्री बघायला हवा होता. अकरावं मिनिट चालू असताना रस्त्याकडेला एक शाळा लागली. खिडक्या उघड्या आणि आतून मुलं एका सुरात कविता म्हणत होती.

आता हे कुणाला सांगू. मी छत्तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात कारकून होतो. माझ्या टेबलामागची भिंत सातवीच्या वर्गाची. सगळ्या कविता मी त्या भिंतीतून शिकलो. हजेरीपटावर रेघा मारत, ताल बोटांवर धरत.

गाडी थांबवली. अर्थातच इंजिनही बंद केलं. कविता चालू असताना डिझेलची घरघर हा असभ्यपणा आहे. दोन कडवी ऐकली, मग घंटा झाली. परत हॉस्पिटलात पोचेपर्यंत सकाळच्या खेपेला उशीर झाला. पन्नास मिनिटं. सिस्टर म्हणाल्या, दोन.

रात्री हिला सगळं सांगितलं, शाळा, खिडक्या, ताल. हिने ऐकून घेतलं. मग चादरीची घडी घालत एवढंच विचारलं, "तुम्हाला कुठल्या कवितेचा शेवट येतो का हो?"

विचार केला. एकाही नाही. पण हा दोष माझा नाही. शेवटच्या कडव्याला नेमकी घंटा व्हायची.

शनिवार, १५ मार्च

पुन्हा बायपास. या वेळी नियम पाळला, अजिबात थांबलो नाही. सावकाश, पस्तीसच्या वेगाने, पाचव्या गिअरात, म्हणजे इंजिनवर ताण नको. मागे बरीच वाहनं जमली. एवढा मोठा लवाजमा माझ्यामागे निवृत्तीच्या दिवशीही नव्हता. एक ट्रकवाला शेजारून जाताना विचारून गेला की आजोबा, चालवताय की ढकलताय.

पंचवीस मिनिटं झाली तरी दिवा तसाच. म्हणजे मिस्त्रीचा सिद्धांत चुकीचा ठरला. घरी येऊन बंद केली.

रविवार, १६ मार्च

सून साबणाची पिंपं आणायला पिकअप घेऊन शहराबाहेरच्या गोदामात गेली. जाऊन-येऊन दीड तास. परत आली तेव्हा दिवा नव्हता. बघा, एक दिवस मी रजा घेतली, गाडीला पूर्ण विश्रांती मिळाली आणि दिवा गेला.

सून म्हणाली, विश्रांती कसली, ऐंशीने नेली. मुलीला बारकावे कळत नाहीत.

मंगळवार, १८ मार्च. सकाळ

आश्चर्य. ऑईलची पट्टी काढून बघितली तर ऑईल कमी होण्याऐवजी वाढलंय. वरच्या खुणेच्याही वर. इंजिन स्वतःचं ऑईल स्वतः तयार करतंय. प्रेमाने वागवलेली गाय जास्त दूध देते, तसंच हे. मोठ्या अभिमानाने सुनेला सांगितलं. ती उभी होती ती खाली बसली आणि तिने मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्री म्हणे ओरडला. काजळी जाळायला टाकलेलं डिझेल अर्ध्यात बंद केल्यामुळे न जळता ऑईलमध्ये उतरतं. म्हणे, असल्या ऑईलवर चालवलं तर इंजिन जाईल, ताबडतोब घेऊन या. सून म्हणाली, बाबा, परवा सकाळची मोठी खेप झाली की तडक गॅरेजला, आणि तोवर चादरी तीनचाकीने जातील, गाडीला हात लावू नका.

हात लावला नाही. संध्याकाळी फक्त दोन खेपा केल्या.

गुरुवार, २० मार्च. दुपारी १२

हॉस्पिटलच्या अलीकडच्या चढणीवर गाडीने मान टाकली. दिवे तीन लागले, एक लाल. ॲक्सिलरेटर पार दाबला तरी वेग वीसच्या वर जाईना. मागे ऑपरेशनचे सगळे गाऊन. मी तिला समजुतीच्या सुरात म्हणालो, बस जरा. बंद केली. ती पुन्हा चालूच होईना.

सून स्कूटरवर आली. गाऊनची दोन गाठोडी पायांशी, एक पाठीला बांधून निघून गेली. तिच्या तीन फेऱ्या झाल्या. मी गाडीजवळ थांबलो. कुणीतरी थांबायला हवंच.

एक तास दहा मिनिटं उशीर. सिस्टरने तीन म्हटलं नाही म्हणे. फक्त एवढं म्हणाल्या की आत एक आजोबा आहेत, रात्रीपासून उपाशी, पाणीही नाही, पहिलं ऑपरेशन त्यांचं होतं. ते सारखं विचारत होते की काय झालं, माझं रद्द झालं का.

याबद्दल मला खरोखर वाईट वाटलं. पण हॉस्पिटलनेही चार गाऊन जास्तीचे ठेवायला हरकत नव्हती.

शुक्रवार, २१ मार्च

काल गाडी ओढून गॅरेजला नेली. आज मिस्त्रीने लॅपटॉप लावला. गाडीलाही रोजनिशी ठेवायची सवय आहे हे मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. मिस्त्रीने कागद छापून सुनेला दिला आणि तिने तो मोठ्याने वाचला. मशिनं बंद होती, गॅरेजमधली सगळी माणसं ऐकत होती.

जाळी साफ करायला सुरुवात: एकतीस वेळा. पूर्ण झाली: दोन वेळा. उरलेल्या एकोणतीस वेळांपुढे एकच वाक्य: चालकाने इंजिन बंद केले. चालकाने इंजिन बंद केले. चालकाने इंजिन बंद केले. सून एकही ओळ न गाळता वाचत होती. तालात म्हणायला हरकत नव्हती, पण तिने तशी म्हटली नाही.

दोन वेळा पूर्ण झाली त्यातली एक मिस्त्रीने केलेली, १० तारखेची. दुसरी रविवारची, सुनेची.

मी मिस्त्रीला विचारलं की यंत्र चुकू शकतं का. तो म्हणाला, चुकू शकतं काका, पण एकोणतीस वेळा एकसारखं नाही चुकत.

जाळी बदलावी लागणार. ऑईल सगळं काढून टाकलं. मिस्त्री म्हणाला, इंजिन वाचलं हेच नशीब. निघताना सुनेने हात पुढे केला. "बाबा, किल्ली."

दिली. जड वाटली. देताना म्हणजे.

शनिवार, २२ मार्च

सून सकाळी सिस्टरला भेटून आली. महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली, एका अटीवर. दुसरा ड्रायव्हर. सोमवारपासून येतोय.

आज बसून शांतपणे विचार केला आणि सगळं लख्ख झालं. कारण जाळी नाही, काजळी नाही. कारण वय. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. लोकांना सत्तरीचा माणूस स्टिअरिंगवर दिसला की आपोआप दोष दिसायला लागतात. हेच मी तिशीत केलं असतं तर त्याला हळवेपणा म्हटलं असतं. हिला सांगितलं. ही म्हणाली, असेल. "असेल" हा शब्द हिने आयुष्यभर माझ्याविरुद्ध वापरला आहे.

येऊ दे कुणी पंचविशीचा, कानात वायर घातलेला, च्युइंगम चघळणारा. आठवड्यात गाडी रडकुंडीला येईल. मग याच घरात माझी आठवण निघेल.

रविवार, २३ मार्च

मन मोठं करायचं ठरवलं. त्या तरुणाला चार गोष्टी शिकवून जायच्या. वयाने मोठं असण्याचं ते कर्तव्यच आहे. फुलस्केपवर सूचना लिहून काढल्या, सुवाच्य, समास सोडून. सुरुवात अशी: "बाळा, घाई करू नकोस." सकाळी दार मीच उघडणार. आधी खुर्ची द्यायची, मग पाणी, मग कागद.

सोमवार, २४ मार्च. सकाळी ६.०५

पाच पन्नासला बेल वाजली. दार उघडलं.

दारात एक गृहस्थ. भुवया पांढऱ्या, चष्मा दोऱ्याने गळ्यात, एक हात जिन्याच्या कठड्यावर. दम खात होते. मला वाटलं घर चुकलं. म्हणालो, कोण हवंय आपल्याला, बसा आधी. ते बसले नाहीत. आतून सून लगबगीने आली, त्यांना नमस्कार केला आणि मला सांगितलं की हे आपले नवे ड्रायव्हर, चोपन्न वर्षं ट्रक चालवलाय यांनी.

मी वय विचारलं. एकोणऐंशी, म्हणाले. पुढच्या महिन्यात ऐंशी.

खुर्ची मी धरूनच उभा होतो. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, अगदी मायेने, आणि हात पुढे केला.

"आजोबा, किल्ली तुमच्याकडे आहे का? खेपेच्या आधी तिला अर्धा तास न थांबता फिरवून आणतो."