नावाड्याला उत्तर कोण देणार?

मलाक्का, सां पेद्रोच्या सणानंतरचा मंगळवार

ती. माना हिला धाकट्या बहिणीचा, फिलोमिनाचा कृतानेक नमस्कार. पवित्र मातेच्या कृपेने आम्ही खुशाल आहोत. पर्थच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात, ते कळव. (कागद मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचा आहे. तारखा गेल्या, पाठ थोडीच गेली?)

यंदा सणाच्या पंगतीची झणझणीत देबल करी रांधायचं माझ्याकडे आलं. दरवर्षी ती करणाऱ्या तिया रोझिलमावशीचा हात मोडला म्हणून, माझी कीर्ती म्हणून नव्हे. तू लेकीकडे गेल्यापासून मी ती पहिल्यांदाच एकटीने केली. मी मॅट्रिक झालेली, सगळं उतरवून ठेवणारी बाई. पण मायने वेळ कधी घड्याळात सांगितलीच नाही. वाटण परतायला घेतलं की नावाड्याचं गाणं सुरू करायचं, गाणं संपलं की आंबट शिरका ओतायचा. तसंच केलं. सहाही कडवी म्हणून शिरका ओतला. पाद्रीबाबांनी पहिला घास घेऊन डोळे मिटले. मला वाटलं, प्रार्थना करताहेत. तो कच्चा कांदा होता! तिया रोझिल सगळ्यांदेखत म्हणाली, "अगं, हिची मिरची अजून झाडावरच आहे!" आणि आमचे आल्बान (नवरा म्हणून देवाने दिले, सोसते) म्हणाले, "मांजराने खाल्लं तर तेही पापकबुलीला जाईल."

मग घरी थोडंसंच करून पाहिलं. (चुकायलाही कांदे लागतात.) गाणं संथ म्हटलं, तरी कच्चंच. म्हटलं, गाण्यापेक्षा देवाचं नाव बरं, म्हणून जपमाळ घेतली, तर माळेतल्या तिसऱ्या रहस्याच्या मण्यांपाशीच तळाला लागलं. भक्ती करावी, पण आच मंद ठेवून.

शेवटी तिया रोझिल गळ्यात हात बांधून आली. तिला स्टूल दिलं. माझं गाणं ऐकून म्हणाली, "फिलोमिना, नावाडी एकटाच बडबडतोय. पोर कुठे गेली?"

माना, माझा हात तिथेच थांबला. गाणं सवाल-जवाबाचं! कढईपाशी मी नावाडी, आणि दारातल्या पायरीवर कांदे चिरत तू पोर. चाळीस वर्षं तुझी उत्तरं ऐकली, सगळी पाठ आहेत. पण माझ्या तोंडून निघत नाहीत. काल पुन्हा केली. एक कडवं म्हणायचं, मग तुझ्या उत्तराइतका वेळ गप्प राहून ढवळायचं. वाटणाला तेल सुटलं, अगदी मायच्यासारखं. आल्बाननी दोनदा वाढून घेतलं आणि विचारलं, "मधेमधे थांबून काय ऐकत होतीस गं?"

मी म्हटलं, काही नाही.

लेकीला, नातवंडांना आशीर्वाद.

तुझी,
फिलोमिना

ता. क. : काळजी करू नकोस. आता मला एकटीला जमतं.

ता. क. २ : जमत नाही. नाताळला ये. नाही आलीस तर पोरीची कडवी आल्बानना म्हणायला लावीन. त्यांचा आवाज तुला ठाऊक आहे. पायरीवर अजून कोणाला बसू दिलेलं नाही.