माईनं उतरवलेली माळ

अंगाऱ्यानं क्षय बरा होत नाही, आणि माझ्या बहिणीचा तर मुळीच झालेला नाही. आश्रमाच्या नव्या पोथीत मात्र अंगाऱ्यानंच झाला असं छापलंय. आश्रम चालवणारी भागामाई वारली, तिच्या मंदिरात आता तेच संगमरवरावर कोरणार, आणि ते मंदिर म्हणे माझ्या जमिनीत उभं राहणार. म्हणून हे आधी लिहिलं. नाव-गाव आता लिहिते.

मी छबूबाई बिभीषण गांगर्डे, वय चोपन्न, धंदा पिठाची गिरणी, शिक्षण चौथी, राहणार बोरखिळा, तालुका कर्जत. पुढल्या महिन्यात नगरला माझ्या पोटातली गाठ काढायची आहे. मला मूलबाळ नाही, मालक वारले, मागं गोंधळ नको. डोकं ठिकाणावर आहे. दाब आणायला माझे दीर अंगद, आश्रमाचे सचिव, रोज गिरणीवर येतात. पण मी दबलेली नाही. हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र.

कलम एक. राहतं घर धाकटी बहीण गोजरबाई हिला. पोथीतली ती हीच.

कलम दोन. गिरणी गोजरची मुलगी स्नेहल हिला. दगडांना टाकी वेळेवर लावायची, छिन्नीनं खडबडीत करून घ्यायचे, नाहीतर पीठ गरम होतं आणि भाकरी थापताना फाटते. सरपंचाचं दळण असलं तरी रांगेतच.

कलम तीन. सासूबाईंची पितळी घागर अंगदभावजींना. आईची आठवण म्हणून कधीचे मागतायत. गोजर रक्त ओकत सासरहून आली तेव्हा याच सासूबाईंनी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. तीही आठवण घागरीबरोबर न्यावी.

कलम चार. आश्रमाच्या भिंतीला लागून असलेली वीस गुंठे जमीन. ही मी गिरणीवर कमावून घेतली, सातबारा माझ्या नावावर आहे. हिच्याबद्दल जरा लांबून लिहावं लागेल.

माई संत होती का, याचा गावात वाद नाही. माझ्या मनात आहे. गोजरला कुणी जवळ करत नव्हतं तेव्हा माईनं घेतली, तिची घाणेरडी फडकी स्वतः धुतली. हे खरं. देणगीदाराची गाडी आली की हीच माई खोकणाऱ्या म्हाताऱ्यांना ओळीनं बसवून भजन म्हणायला लावायची, ऐन थंडीत काकड्याला उठवायची. हेही खरं. आलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात पहिल्याच दिवशी तुळशीची माळ. माळ पडली की अंडं-मटण बंद. गोजर तापात होती, तिला विचारलंसुद्धा नाही. सरकारी डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या चुकवू नका आणि अंडी खाऊ घाला. गोळ्या माई स्वतः द्यायची. अंड्याचं नाव काढू द्यायची नाही.

मग मी शेजारच्या खुर्शीदकडून अंडी घेऊन, उकडून, पिठाच्या डब्यात लपवून न्यायला लागले. एके दिवशी माईनं डबा उघडला. मी भांडायच्या तयारीत होते. ती खाली बसली, गोजरच्या गळ्यातली माळ काढली आणि स्वतःच्या मनगटाला गुंडाळली. म्हणाली, "जेव गं पोरी. पाप लागायचं ते मला लागंल." आणि कुणी येतंय का बघत दारात उभी राहिली. खाणं झालं की माळ परत गळ्यात. गोजर चालायला लागेपर्यंत रोज असंच.

गोजर मात्र अजून म्हणते, "अंगाऱ्यानंच उठले गं आक्का."

"आन् अंडी?"

"ती बी माईच्याच कृपेनं पचली."

हिला मी घर देतेय.

अंगदभावजी म्हणतात, "वहिनी, माळेचं काढू नका. माई बाटली म्हणतील लोक."

मी म्हणाले, "भावजी, राख माझ्या चुलीत बी हाय. माळ काढून दारात उभी राहील अशी बाई मला एकच घावली."

"तुमी लई फाटे फोडता," म्हणाले आणि दळण न घेताच गेले.

तर ही जमीन आश्रमाला, पण अटीवर. मंदिरात कोरायचं तर माळेचं कोरायचं, अंगाऱ्याचं नाही. माळ मागेल त्यालाच घालायची. आजाऱ्याला डॉक्टर सांगतील ते खायला घालायचं, अंडं असलं तरी. भांडी वेगळी ठेवायची तर ठेवा. हे मान्य नसेल तर जमीन ग्रामपंचायतीला, दवाखान्यासाठी.

ठिकाण बोरखिळा, तारीख २० नोव्हेंबर २०२५.

सही: छबूबाई बिभीषण गांगर्डे

साक्षीदार:
१. खुर्शीद लालमहंमद शेख (अंडी हिच्याच कोंबड्यांची)
२. रुपाली गोरक्ष धांडे, आशा सेविका

ता. क. अंगदभावजी, याची नक्कल तुमच्या हातात देतेय. माईच्या पुण्यतिथीचा सप्ताह चालू होईल. १२ डिसेंबरला काला आहे, १५ ला माझं ऑपरेशन. काल्याचं कीर्तन सुरू व्हायच्या आधी माइकवर उभं राहून सगळ्या गावादेखत सांगा: माईनं माळ काढली होती, का नव्हती? मी पुढं बसलेली असेन.