मधला पट्टा आणि पन्हळीची शिडी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, सुताराची विधवा, हे पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मुलीला तो अजून पटलेला नाही. दडपण कोणाचेही नाही. चार महिने पाऊस नाही आणि वारा डोंगरावरून घराकडे येतो आहे, एवढेच.

१. घर मुलीला. अट अशी, की भिंतीपासून तीस पावलांत वाळके पान दिसता कामा नये. दारावर वेल चढवायची तिची हौस मला ठाऊक आहे. "आई, किती छान दिसेल!" दिसेल, पेटेपर्यंत.

२. यांचे रंधे व करवती पुतण्याला. कोयता मात्र मुलीलाच. पुतण्या धार कमी लावतो, बोलतो जास्त.

३. माझे रान मुलीला. त्याला लागून धाकट्या दिरांचे रान, आणि मध्ये बारा फुटांची जाळरेषा, म्हणजे वणवा अडावा म्हणून झाडून उघडी ठेवायची जमीन. आमची रीत अशी, की थंडी सरताच दोन्ही घरांनी एकमेकांचे रान झाडायचे. दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत कामचुकारपणा होत नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून मधला पट्टा. नऊ वर्षांपूर्वी अबोला झाला, तेव्हापासून जो तो आपापले झाडतो आणि मधला पट्टा कोणीच नाही. परवा तिथे काठी खुपसली. गुडघाभर पाचोळा, तळापर्यंत कोरडा. आता वणवा येईल तो तिथूनच येईल.

४. अबोल्याचे कारण. त्या वर्षी वणव्यात आमचे छप्पर पेटले. ते विझवायला चढलेले हे जिवंत उतरले नाहीत. भावजींनी आमचे रान नीट झाडले नाही म्हणून आग आली, असे मी चारचौघांत बोलले. "तुम्ही माझा संसार जाळलात," असेही म्हटले.

खरे असे, की आग रानातून आलीच नाही. ठिणगी उडून पन्हळीत पडली, आणि पन्हळ वाळक्या पानांनी गच्च भरलेली होती. आदल्या दिवशी हे तीनदा म्हणाले होते, "जरा शिडी धर गं, पन्हळीतला पाला काढतो." मी कशावरून तरी रुसले होते. धरली नाही. याची मला लाज वाटते, म्हणून नऊ वर्षे दुसऱ्याच्या माथी मारले.

५. ती शिडी भावजींना. मनातली अढी कोणालाच नाही.

वरील कलमे आज भावजींना बोलावून वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "वहिनी, पन्हळ पेटलेली मी पाहिली होती. पण सांगून काय झालं असतं? दादा तर गेलाच होता. तुम्हाला कुणावर तरी चिडायला हवं होतं. म्हटलं, चिडू दे माझ्यावर."

साक्षीदार: १. टपालवाल्या बाई. २. लाकडाच्या वखारीचा मालक. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या आणि दाताळी घेऊन मधल्या पट्ट्याकडे धावले, कारण डोंगरामागे धूर दिसतो आहे.

ठिकाण: घराचे मागचे दार. दिनांक: पाऊस थांबल्यापासून एकशे तेविसावा दिवस, दुपारी सव्वातीन.

सही वाकडी आली आहे, ती माझीच समजावी. भावजी पन्हळीतला पाला काढायला वर चढले आहेत, आणि शिडी मी धरली आहे.